मागचं स्टूल

"चाचा, पूल ठेवू का काढू? एवढंच सांगा."

दिगू दारातूनच ओरडला. मिरजेतल्या त्या जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नबीचाचा मशीनची काच पुसत होते. पुसतच राहिले.

दिगूचा दादा याच पार्लरात खेळून मोठा झाला होता. टपाल घेऊन घाट उतरणाऱ्या हलकाऱ्याचा खेळ त्यानं एकट्यानं बनवला. चाचांनी तो पार्लरच्या मशीनवर चढवला, पोरांनी उराशी धरला. दुसरा भाग निम्मा झाला आणि दादा गेला. काविळीनं, नऊ दिवसांत.

उरलेला निम्मा दिगूनं हट्टानं अंगावर घेतला होता.

"खेळ विकणारे कंपनीवाले म्हणतात, नवीन माणूस पहिल्या भागातल्या त्या दोरीच्या पुलावरून पडतो आणि खेळच सोडतो. दुसऱ्या भागातून पूल काढ. जुने खेळणारे म्हणतात, पुलाला हात लावलास तर तू त्याचा भाऊ नाहीस. उद्या सांगायचंय... असं वाटतंय, सगळंच पुसून टाकावं."

"चहा घेतोस?"

"चाचा!"

तेवढ्यात शेजारच्या गिरणीतल्या गोदाक्का चाचांच्या दळणाचा डबा घेऊन आल्या. चाचांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि मशीनपुढचं स्टूल ओढलं.

"अक्का, बसा. एक डाव खेळा."

"मी? या वयात? हात पिठाचे आहेत माझे."

"मशीनला चालतंय."

अक्का हसत बसल्या. पडद्यावर दादाचा हलकारा पळत सुटला, घुंगराची काठी वाजवत. पुलावर आला... आणि दरीत.

"अगं बाई, मेला की ओ हा!"

दुसऱ्यांदा मेला. तिसऱ्यांदाही.

"नको रे बाबा. माझी गिरणी बरी." अक्का उठायला लागल्या.

दिगूला राहवेना. तो मागच्या स्टुलावर टेकला.

"अक्का, बसा. पळू नका. पुलापाशी थांबा. दोर हलतोय बघा... हलू दे... अजून..."

त्याचा हात बटणाकडे गेला. चाचांचं फडकं फाटकन त्या हातावर बसलं.

"मागच्यानं हात लावायचा नाही. नुसतं सांगायचं. पार्लरचा कायदा विसरलास?"

दिगूनं हात मांडीखाली दाबून धरला.

"...आता, अक्का. आता चला. हळू."

हलकारा पलीकडे गेला. बटणांवर पिठाची बोटं उठली होती. अक्का अशा ओरडल्या, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

दिगू खदखदून हसला. दादा गेल्यापासून दोन महिन्यांत पहिल्यांदा.

आणि हसता हसता त्याचं लक्ष मांडीखाली दाबलेल्या हाताकडे गेलं.

तो नऊ वर्षांचा असताना पुढच्या स्टुलावर बसायचा. पुन्हा पुन्हा हरायचा, रडायचा. दादा मागे असायचा... इथंच. हात असेच मांडीखाली. जीव तुटायचा त्याचा, पण बटणाला कधी हात लावला नाही. "थांब रे दिग्या. घाई नको. आता."

"चाचा..." दिगू म्हणाला. "दादानं तो पूल एकट्यानं ओलांडायला केलाच नव्हता. मागं कुणीतरी बसावं म्हणून..."

चाचांनी बटणांवरचं पीठ पुसलं. अक्का हात झटकत स्टुलावरून उठल्या. दारात कॉलेजच्या दोन मुली घुटमळत होत्या, आत यावं की नको म्हणून.

दिगू डोळे पुसत उठायला लागला.

चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत खाली बसवलं.

"बस तिथंच. पुढचं गिऱ्हाईक आलंय."