काशीला सोडलेलं तूप

"मग वजन का वाढतंय, बुवा? तूप तर मी काशीला सोडून आलो!"

त्र्यंबकराव साठ्ये मठाच्या ओसरीवर धापा टाकत बसले होते. टेकडी चढताना जीव मेटाकुटीला आला होता, पण तोंड काही थांबेना.

नागनाथबुवा जेवत होते. मऊ भात, मेतकूट आणि वर तूप. वयानं ऐंशीला टेकलेले, अंगानं काटकुळे.

त्र्यंबकरावांनी त्या तुपाकडे असं पाहिलं, जणू गुरूंच्या पानात विंचू निघालाय.

काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ तिथं कायमचा सोडून यायचा, ही आपल्याकडची रीत. त्र्यंबकरावांनी तूप सोडलं आणि परतल्यापासून गावभर सांगत सुटले. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी त्याग दाखवायचा, मग कापड. एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. त्यांनी घरातूनही तूप हद्दपार केलं. म्हातारी आई बिचारी कोरडा भात पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची, आणि हे समोर बसून तिला चरबीचे दुष्परिणाम ऐकवायचे. माणसानं छळावं तरी किती!

"तूप नाही, तर खातोस काय?" बुवांनी विचारलं.

"साधंच हो. वरणभात. पोळीशी गूळ."

"किती गूळ?"

"गूळ काय कोणी मोजून खातं, बुवा?"

"दुपारी?"

"चहाबरोबर नानकटाई."

"तिच्यात तूप असतं."

"छे, छे! वनस्पती असतं. गाईम्हशीचा काही संबंध नाही."

बुवांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले.

"गोडधोड?"

"शिरा करायला सांगतो, पण बिनतुपाचा! आता कोरडा शिरा घशाखाली उतरत नाही, म्हणून साखर जरा सढळ हातानं..."

बुवांनी शेवटचा घास घेतला. पान बोटानं निपटून घेतलं.

"त्र्यंबका, तुला तूप फार आवडायचं का रे?"

त्र्यंबकराव सदऱ्याच्या बटणाशी चाळा करू लागले.

"खरं सांग."

"...वाससुद्धा सहन होत नाही. लहानपणापासून. आई भातावर घालायची. तिची पाठ वळली, की मी मांजराला चाटायला द्यायचो."

"म्हणजे काशीला तू मांजराचं तूप सोडून आलास."

बुवा खदखदून हसले. त्र्यंबकराव हसले नाहीत. त्यांची मान खाली गेली होती.

"हसू नका, बुवा. माझे वडील पन्नाशीत गेले. जेवून उठले, हात धुतले आणि गेले. मला आता पन्नासावं लागलंय." त्यांनी बाहीनं कपाळ पुसलं. "डॉक्टर म्हणाले, चमचाभर तुपाचं एवढं काही नाही हो, बाकीचं आवरा, जरा चालत जा. मी त्यांच्याशी भांडून आलो. एवढं मोठं सोडलंय मी, आणि हा मला गुळाबद्दल बोलतो? पण रात्री छातीवर हात ठेवून झोपतो, बुवा. फार भीती वाटते."

बुवांचं हसू विरलं. ते उठले, हात धुतले आणि तांब्या घेऊन त्र्यंबकरावांसमोर येऊन बसले.

"उजवा हात पुढे कर."

त्र्यंबकरावांनी हात पुढे केला. बुवांनी तळव्यावर पाणी घातलं.

"काशी इथंच समज. जे सोडायचं त्याचं नाव घे आणि पाणी खाली सोड. या खेपेला आवडीचं."

त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. गुळाचा खडा दिसला. तो सोडायचा? मग पोळी कशाशी खायची? नानकटाई आली. ती सोडली तर चहाला काय अर्थ राहिला? मग दुकानातली मऊ गादी, तिच्यावरची दुपारची डुलकी... तीही?

पाणी बोटांच्या फटींतून झिरपत कोपरापर्यंत आलं. सदऱ्याची बाही भिजली.

बुवा वाट पाहत होते.

"बुवा..."

"बोल."

"कारलं सोडलं तर चालेल?"

बुवांनी त्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं. मग तांब्या पुन्हा वाकवला.

"धर. विहिरीला पाणी पुष्कळ आहे."