कड्यावर की झाडीत?

ही गोष्ट फार पूर्वीची, गडागडांवर मशाली जळत होत्या तेव्हाची. एका गडावर हैबतराव नावाचे किल्लेदार होते. म्हातारपणी त्यांनी काम सोडलं, तेव्हा राजाने खूश होऊन त्यांना घर बांधायला एक टेकडी दिली. टेकडीच्या एका अंगाला कडा आणि खाली नदीचं खोरं. दुसऱ्या अंगाला दाट झाडी.

हैबतराव गवंड्याला म्हणाले, "घर अगदी कड्यावर बांध. आजूबाजूची झाडी साफ कर. चहूकडे नजर पोचली पाहिजे. जन्मभर खाली पाहिलं ते शत्रू येतोय का म्हणून. आता नुसतं पाहायचंय."

त्यांची पत्नी सगुणाबाई म्हणाली, "आणि मी जन्मभर पहारेकऱ्यांच्या देखत केस वाळवले. मला आता आडोसा हवा. घर झाडीत बांधा, नाहीतर मी चालले भावाकडे."

शब्दाला शब्द वाढला. दोघांनी अबोला धरला. गवंडी बिचारा ओळंबा हातात घेऊन ताटकळत बसला.

शेवटी सगुणाबाईच म्हणाली, "अहो, उद्या तुम्ही माझ्या जागी बसा, मी तुमच्या जागी बसते. मग हवी तर कुऱ्हाड चालवा."

हैबतराव कुरकुरत झाडीत गेले. एका जांभळीखाली घोंगडी टाकून बसले. कुणी मुजरा करेना, कुणी वर्दी आणेना. जरा पाठ टेकली आणि ते चक्क घोरू लागले. इतकी निवांत झोप त्यांना पूर्वी कधी लागली होती, त्यांचं त्यांनाच आठवेना.

सगुणाबाई कड्यावर बसली. खाली नावा चालल्या होत्या, गुरं पाण्यात उतरत होती. तिने सारा संसार गडावर केला, पण तटावरून डोकावायला तिला कधी सवड मिळाली नव्हती. उन्हं कलली तरी ती उठली नाही. भाकऱ्या राहिल्याच!

संध्याकाळी दोघं भेटली.

"घर झाडीतच बांधू," हैबतराव म्हणाले.

"छे! कड्यावरच," सगुणाबाई म्हणाली.

आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

घर कड्यापासून जरा मागे, झाडीत उभं राहिलं. समोरच्या झाडांच्या खालच्या फांद्या तेवढ्या छाटल्या. ओसरीवर बसलं की सगळं खोरं दिसे, आणि खालून पाहणाऱ्याला मात्र नुसती हिरवी टेकडी दिसे. ओसरीवर नदीकडच्या बाजूचा बसायचा पाट कुणी घ्यायचा, यावरून दोघं रोज थोडं भांडत आणि मोठ्या आनंदात राहत.

तात्पर्य: दुसऱ्याला काय हवं ते त्याच्या जागी बसून पाहिलं, तर दोघांच्या सोयीचा मार्ग सापडतो.