मऊ पोट

"पोट मऊ आहे, मॅडम. मग एवढं दुखेल कशाला?"

विचारल्यासारखं करून निनादने निकालच देऊन टाकला होता. सर्जरी शिकायला नुकताच रुजू झालेला सुवर्णपदकवाला डॉक्टर तो. पदक घरी कपाटात असे, ताठा मात्र रोज ड्युटीवर येई.

तातडीच्या विभागातल्या खाटेवर दादू वस्ताद कण्हत होते. वय सत्तर. सकाळी न्याहारी होते न होते तोच पोटात कळ उठली होती.

सर्जरीच्या प्रमुख बिरनाळे मॅडमनी पोटाला हातच लावला नाही. स्टूल ओढून बसल्या आणि वस्तादांचं मनगट धरलं.

"मॅडम, पोट बघताय ना?"

"तू बघितलंस की. किती वेळा दाबलंस?"

"चार वेळा."

"चारही वेळा मऊ?"

"अगदी. एक्स-रेपण स्वच्छ आहे. मला वाटतं, थोडं नाटक..."

मॅडम वस्तादांच्या बायकोकडे वळल्या. "काय हौसाबाई, रडके आहेत का हे?"

"ह्ये? आखाड्यात खांदा निखळला हुता, बसवताना हूं का चूं केलं न्हाई. पावण्यांशी गप्पा हाणत बसलं हुतं."

"आणि आज?"

"आज सक्काळपास्नं लेकरागत कण्हायला लागल्यात वो..." त्यांनी पदर तोंडाला लावला.

मॅडमनी निनादचा हात धरून त्या मनगटावर ठेवला.

एक ठोका आला. दुसरा घाईने आला. तिसरा आलाच नाही...

निनादचा चेहरा उतरला. "नाडी अनियमित आहे. म्हणजे हृदयात गुठळी... ती सुटून आतड्याच्या धमनीत अडकली, तर आतड्याला रक्तच..."

"पोट कडक व्हायची वाट बघायची?"

"नको. तोवर आतडं मेलेलं असेल."

"मग पळ."

तो पळाला. रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन तासाभरात हातात आला. आतड्याची मुख्य धमनी बंद होती.

ऑपरेशन टेबलावर काळवंडलेलं आतडं बघून निनादला हुंदका आवरेना. मॅडमनी धमनीतून गुठळी काढली आणि ऊन सलाईनमध्ये भिजवलेली फडकी आतड्यावर पांघरली. रंग परततो का, याची वाट बघत सगळे थांबले.

पाऊण तासाने फडकी उचलली. आतडं गुलाबी झालं होतं, हळूहळू वळवळत होतं. कणभरही कापावं लागलं नाही. मास्कआड निनाद हसत होता आणि रडतही होता.

चौथ्या दिवशी वस्तादांचा वारा सरला, म्हणजे आतडं पुन्हा कामाला लागलं. ही बातमी हौसाबाईंनी पेढे वाटून वॉर्डभर केली. वस्ताद लाजून भिंतीकडे तोंड करून पडले आणि अख्खा वॉर्ड हसला.

निनाद पेढा हातात घेऊन मॅडमपाशी आला.

"मॅडम, पोट तर खरंच मऊ होतं. मी चुकलो कुठं?"

मॅडमनी त्याच्या हातातला पेढा उचलून तोंडात टाकला, सावकाश संपवला.

"दुखत होतं वस्तादांना. तू विचारलंस पोटाला."