बरा आहे, नाईक!

"दोर कुणी पाहिला होता?"

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात विहीर खणणारी टोळी होती. तिच्यात दोघे भाऊ होते. त्यांतल्या धाकट्याने हा प्रश्न एकेका गड्याला विचारला. थोरल्याला अग्नी देऊन आला, त्याच दिवशी विचारला. कुणी पागोटं सोडून पुन्हा बांधलं, कुणी खाली बघितलं.

टोळीचा नाईक पिंपळाखालच्या बाजेवरून कधी उठत नसे. रोज सकाळी तिथूनच ओरडे, "दोर कसा आहे रे?"

"बरा आहे, नाईक!" सगळे एका सुरात म्हणत.

पूर्वी असं नव्हतं. एकदा एक म्हातारा गडी म्हणाला होता, "नाईक, दोर झिजलाय."

"दोर नाही, तू झिजलायस, म्हाताऱ्या!" नाईक हसला, आणि महिनाभर त्याला एकट्याला गाळ वाहायला लावला.

तेव्हापासून सगळे शहाणे झाले. आधी खरं बोलणं सुटलं, मग दोराकडे बघणं सुटलं. कामावरची गाणीही सुटली. माती वर येई, दिवस मावळे, एवढंच.

मग एका सकाळी दोर तुटला आणि थोरला बारा पुरुष खोल विहिरीच्या तळाशी आपटला.

चौथ्या दिवशी नाईकाने त्याच दोराला गाठ मारायला लावली. बाजेवरून हाक आली, "दोर कसा आहे रे?"

"बरा आहे, नाईक!"

धाकटा दचकला. त्यात त्याचाही आवाज होता. थोरला उतरला त्या सकाळीही होता.

आज उतरायची पाळी म्हाताऱ्याची होती. धाकट्याने गाठ चाचपली.

"बाबा, उतरू नका. गाठ सरकतेय."

"मला तरी आता खालीच जायचंय की रे," म्हातारा म्हणाला. "सोड. उगाच तो ओरडेल."

"कसला खोळंबा आहे?" नाईक ओरडलाच.

"दोर कुजलाय, नाईक!"

"भावापायी डोकं फिरलंय त्याचं. बाजूला घ्या रे त्याला."

धाकट्याने मागचा-पुढचा विचार केला नाही. म्हाताऱ्याच्या कमरेचा दोर सोडला, कुऱ्हाड उचलली आणि दोराचे हात-हातभर तुकडे केले.

तेव्हा कुठे नाईक बाजेवरून उठला. "चालता हो! पुन्हा इथे दिसू नकोस!"

"जातो," धाकटा म्हणाला.

थांब म्हणायला कुणी पुढे आलं नाही. पण तो आपली माणसं ओळखून होता. त्याची पाठ वळली की ती तुकड्यांना गाठी मारत बसली असती. म्हणून जाण्याआधी त्याने एकूण एक तुकडा गोळा केला आणि विहिरीत टाकला. आता ते काढायला उतरायचं, तरी नवा दोर वळावाच लागणार होता.

तात्पर्य: ज्या नाईकाला खरं ऐकवत नाही, त्याच्या हाताखालची माणसं आधी बोलायची थांबतात, मग बघायची.