खराट्याने पुसलेली वाट

एकदा एक शिष्य आपल्या म्हाताऱ्या गुरूच्या अंगणात उभा राहून तिच्याशी कडाकडा भांडत होता. गुरू बाई होती. शाळेचे तोंड न पाहिलेली, पण उत्तरेच्या पहाडात चाळीस वर्षे खिंडीपल्याड माणसे नेऊन सुखरूप परत आणणारी. शिष्य तिच्याच हाताखाली सात वर्षे राबला होता.

"माझी पावलं का पुसलीत, माई? उद्या पंच वर जाणार, पावलं बघणार अन् वाटाड्याची काठी माझ्या हातात देणार. हे ठाऊक असून खराटा घेऊन डोंगर चढलात?"

"चढले."

"अंगण झाडवत नाही तुमच्यानं, अन् बर्फ झाडवला?"

"झाडवला. कंबर मोडली, पण झाडवला."

त्या गावाची एक रीत होती. वसंतात बर्फ उतरणीला लागला की जो सर्वप्रथम खिंड गाठून येईल, त्याची पावले हीच त्या वर्षाची वाट. मागून सारे गाव त्याच पावलांत पावले टाकत जाई. यंदा तो मान शिष्याने पटकावला, तोही एकट्याने. पहाटे निघाला तेव्हा बर्फ दगडासारखा घट्ट होता. हिवाळ्यातल्या वादळाने उन्मळलेले देवदार वाटेत आडवे पडले होते. काहींवरून तो चढला, काहींखालून सरपटला आणि जिथे खोडांचा ढीगच लागला, तिथे वाट सोडून ओढ्यावर साचलेल्या बर्फावरून थेट पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पावलांनी परत आला.

गावाने हार घातले. पराक्रम दिसला की आपल्याकडे आधी हार निघतो. प्रश्न विचारणाऱ्यांना मागच्या रांगेत जागा मिळते. म्हातारीने तिथूनच विचारले होते, "ओढा कुठून ओलांडलास?" ढोलांच्या गजरात ते कोण ऐकतो! उत्तर मिळायला दुपार झाली, आणि ते मिळताच ती खराटा उचलून निघाली.

"मत्सर, दुसरं काय!" रागाच्या भरात शिष्य 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरला. "तुझे गुडघे संपले, आता दुसऱ्याचे पाय बघवत नाहीत तुला!"

"गुडघे संपले, हे खरंय," म्हातारी पायरीवर बसत म्हणाली. "धड असते तर आज वेळेवर पोचले असते."

"कुठे?"

"आधी ऐक. पहाटेचा बर्फ वेगळा अन् दुपारचा वेगळा, हे मीच तुला शिकवलं. आडव्या झाडांपाशी थांब, फांद्या तोड, ओझेवाला जाईल एवढी जागा कर, हेही शिकवलं. त्याला चार दिवस लागतात, अन् तुला तर हाराची घाई. तू स्वतःच्या पायांपुरता चाललास. पहिल्यानं चालायचं असतं ते गावातल्या सगळ्यात जड माणसासाठी, सगळ्यात उशिरा निघणाऱ्यासाठी. बर्फावरचं पाऊल बोलतं, लेका. पण 'ये' एवढंच बोलतं. 'पहाटेच ये, रिकाम्या हातानं ये' असं सांगायला त्याला तोंड नाही."

"मी कुणालाही ये म्हटलेलं नाही. मी एकटा गेलो होतो, एकटा!"

"त्या लोकरीच्या व्यापाऱ्यालाही नाही?"

लोकरीचा व्यापारी मोठा धिप्पाड, बोलघेवडा गृहस्थ. सकाळी त्यानेही शिष्याच्या गळ्यात हार घातला होता आणि 'झाली बुवा वाट मोकळी' म्हणत पाठीवर गठ्ठा बांधून तो खिंडीकडे निघाला होता.

"ओढ्यावर भोक पडलंय," म्हातारी म्हणाली. "माणूस आत जाईल एवढं. खालून पाणी वाजतंय. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, दोर सोडला. दोर तसाच हलका वर आला. मग तिथून मागे झाडत आले, आणखी कोणी जाऊ नये म्हणून."

शिष्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण माणसाची जीभ त्याच्या लाजेच्या आधी धावते.

"वाट सोडून गेला असेल," तो पुटपुटला. "मैदानातला माणूस तो, त्याला डोंगर काय कळतो? पडलं असेल पाऊल कुठंतरी भलतीकडे. तो चुकला, त्याला मी काय करू?"

म्हातारीच्या आवाजात आता राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हते.

"झाडण्याआधी मी एकेक पाऊल वाकून बघितलं; तो कुठ्ठेच चुकला नाही रे, शेवटपर्यंत तुझ्याच पावलात पाऊल टाकत गेला."