लिंबावरच्या बेसूर घंटा

तुमच्या-आमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, त्या काळची ही गोष्ट.

एका रुंद नदीच्या काठी घंटा ओतण्याचा कारखाना होता. तिथला नाईक मोठा पट्टीचा ओतारी. त्याच्या घंटेचा नाद ऐकून चरणारी गुरंसुद्धा मान वर करत. कारखान्याचा नियम मात्र विचित्र होता. घंटा बिघडली, की त्याच संध्याकाळी दार लावून ती वितळवायची आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. अब्रू म्हणजे अब्रू! शिवाय भाता चालवणाऱ्याने भात्यापाशी राहायचं, साचे करणाऱ्या मातीवालीने मातीपाशी. बाकी सगळं नाईकाच्या डोक्यात.

त्या नदीवर हिवाळ्यात दाट धुकं पडे. आदल्या वर्षी काठ दिसला नाही म्हणून एक नाव खडकावर फुटली आणि माणसं बुडाली. राजाने हुकूम दिला, "धुकं पडायच्या आत घाटावर मोठी घंटा हवी. तिच्या आवाजावर नावा काठाला लागतील."

नाईकाने घंटा ओतली. ती तडकली. दार लावून वितळवली, पुन्हा ओतली, पुन्हा तडकली. चूक कुठे होते, हेच त्याला उमगेना. त्याची झोप उडाली.

या खेपेला मात्र त्याने दार लावलं नाही. तडकलेली घंटा अंगणातल्या कडुलिंबाखाली आणवली, सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाला, "मला कळत नाही, बाबांनो. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. नाईकाला कळत नाही? असं कधी होतं का! अखेर भातेवाला चाचरत म्हणाला, "ओतताना कांशाचा रस साच्यात गुरगुरला होता, नाईक."

मातीवाली ताडकन उठली. "गुरगुरला? अरे, म्हणजे साच्यात ओल होती! वरून खडखडीत वाळला होता, म्हणून मी पुढे दिला. तू बोलला का नाहीस?"

"मला काय ठाऊक, गुरगुरणं वाईट असतं ते?"

नाईक हसला, आणि लगेच त्याला फार वाईट वाटलं. अर्धं एकाला माहीत होतं, अर्धं दुसरीला. आणि ती दोघं एकमेकांशी कधी बोलू नयेत, अशी व्यवस्था त्यानेच करून ठेवली होती.

"आजपासून बाजाराच्या दिवशी भट्टी तुमची," तो म्हणाला. "मोडीतलं कांसं घ्या. ज्याला जे शिकावंसं वाटेल ते शिका, एकमेकांना विचारा. बिघडलेली घंटा लपवायची नाही. या लिंबावर टांगायची."

बघता बघता लिंब बेसूर घंटांनी लगडला. वारा सुटला, की शेजारी कानांवर हात ठेवत. गावाने पोटभर टिंगल केली. पण प्रत्येक घंटेखाली दोघं-चौघं उभी राहून ती वाजवून बघत, हमरीतुमरीवर येऊन वाद घालत. भातेवाला माती मळायला शिकला. रस ओतायला कधी तयार होतो, ते मातीवालीला त्याच्या रंगावरून कळू लागलं.

मोठी घंटा पुन्हा ओतायचा दिवस उजाडला. कांसं वितळलं, आणि नेमका नाईक तापाने फणफणून मटकन खाली बसला. पहाटे नदीवर हिवाळ्यातलं पहिलं विरळ धुकं उतरलं होतं. आता थांबायला सवड नव्हती.

"नाईक, कसं ओतायचं ते सांगा," भातेवाला म्हणाला.

"मला कशाला विचारतोस? एकमेकांना विचारा," असं म्हणून नाईकाने डोळे मिटले. लोकांनी त्याला उचलून घरी नेलं.

भातेवाल्याने साचा आतून चाचपून पाहिला. मातीवालीने रसाचा रंग न्याहाळला आणि ओरडली, "आता!" रस साच्यात उतरला. गुरगुरला नाही.

काही दिवसांनी समोरचा हातही दिसेना असं धुकं पडलं. घाटावरून घंटेचा भरदार नाद घुमला आणि एकेक नाव काठाला लागली. राजा स्वतः आला. नुकताच अंथरुणातून उठलेला नाईक काठी टेकत पुढे झाला.

"नाईक, या घंटेवर तुझं नाव कोरतो," राजा म्हणाला.

"नाव नको, महाराज. लिंबाची डहाळी कोरा." नाईकाने मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे पाहिलं. त्याची मान ताठ होती. "या घंटेला माझा हातही लागलेला नाही. आणि माझ्या हातच्या एकाही घंटेचा मला एवढा अभिमान वाटला नव्हता."

मनात जपावं ते एवढंच: जिथे चूक लपवावी लागत नाही आणि एकमेकांना विचारता येतं, तिथे माणसं आपणहून शिकतात.