झाकलेले दार

एकदा एक वृद्ध आचार्य रानातल्या वनस्पतींच्या गावरान नावांचा कोश करीत होते. त्यांच्या आश्रमात संगणक एकच. त्यावर आक्का नावाच्या ज्येष्ठ सहकारी तपभर नोंदी टंकित करीत आल्या होत्या, त्याही जुन्या मराठी फॉन्टमध्ये. पुढे तिथे एक तरुण शिष्य आला. बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने त्याहून तापट. संगणकातली जुनी प्रणाली पाहून त्याचे टाळकेच सरकले. ही मंद आहे, बंदिस्त आहे, पुसून टाका, असे तो उठताबसता म्हणू लागला. अखेर आचार्यांनी अनुमती दिली, पण लिनक्स ही नवी, खुली प्रणाली बसवायची ती जुन्या प्रणालीशेजारी, तिला धक्का न लावता.

शिष्याने तसे केले. जुनीला अंग चोरायला लावून मोकळ्या झालेल्या जागेत त्याने नवी बसवली. आता यंत्र सुरू होताना विचारी, दोहोंपैकी कोणती उघडू? शिष्याला तो प्रश्नच खुपू लागला. यात निवडायचे आहेच काय, असे म्हणून त्याने कुणाला न सांगता प्रश्नाचा पडदा काढून टाकला. यंत्र थेट लिनक्समध्ये उघडू लागले.

दुसऱ्याच दिवशी कोश छापखान्यात द्यायचा होता. आक्कांनी फाइल उघडली, तर लिनक्समध्ये तो जुना फॉन्ट नसल्याने मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता चिवडा. सगळे काम गेले असे त्यांना वाटले. त्यांनी शिष्याला बोलावले, तर तो त्यांच्यावरच उखडला.

"एक अक्षर पुसलेलं नाही. सगळं आत जसंच्या तसं आहे, फक्त दार दिसत नाही. आता तरी नवीन शिका."

आक्का चष्मा काढून मागच्या पडवीत जाऊन बसल्या. आचार्यांनी सारे ऐकले होते.

दुपारी शिष्य नदीवर स्नान करून परतला, तर त्याच्या खोलीच्या दारापुढे भले मोठे लाकडी कपाट. शेजारी आचार्य घाम पुसत उभे. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपडे आत, पुस्तके आत, आपण ओल्या पंच्यावर बाहेर, हा कुठला न्याय, असे तो तोंडाला येईल ते बोलत सुटला.

"एक पुस्तक हलवलेलं नाही," आचार्य म्हणाले. "सगळं आत जसंच्या तसं आहे. फक्त दार दिसत नाही."

आचार्यांचा आवाज आता संतापाने कापत होता.

"ही खोली कुणाची रे? तू आलास तेव्हा आक्कांनी आपली अर्धी खोली रिकामी केली, मध्ये फळ्या ठोकल्या आणि तुला जागा दिली. यंत्रातही तेच झालं. ज्यानं सरकून जागा दिली त्याचंच दार तू बुजवलंस, आणि वर पुसलं नाही म्हणून मिरवतोस. तुझं नवीन चांगलं आहे, मला ते हवंच आहे. पण माणसाला विचारायचं सोडून आणलेलं चांगलं मला इथे नको."

शिष्याचा राग उतरला नव्हता, पण तो नेमका कुणावर आहे हे त्याला आता कळत होते. त्याने कपाटाला हात लावला नाही. तसाच ओल्या पंच्याने यंत्रापाशी बसून त्याने प्रश्नाचा पडदा परत आणला आणि पडवीतून आक्कांना बोलावून आणले.

यंत्राने विचारले. आक्कांनी जुनी प्रणाली निवडली, आणि पडद्यावर ओळीने नावे उमटली. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली. शिष्य मागे खाली मान घालून उभा होता.

मग आक्का उठल्या, त्याच्या दाराशी गेल्या आणि कपाटाचे एक टोक धरून म्हणाल्या, "लाव हात."